यादीच्या दारावरचे खोब्रागडे सर

खोब्रागडे सर तर्री-पोहे खायचे, पण तर्री, म्हणजे चण्यांचा झणझणीत रस्सा, एका वाटीत, पोहे बशीत आणि चणे तिसऱ्याच कागदावर. गोंदियातला आमचा ठेलेवाला त्यांना लांबून पाहिलं की कपाळाला हात लावायचा. "एका भांड्यात एकच प्रकार," असं म्हणून सर शांतपणे चणे वेचत बसायचे. तोवर माझं खाऊन, हात धुऊन झालेलं असायचं.

आम्ही एकाच कॉम्प्युटर क्लासात शिकवायचो. ते प्रोग्रॅमिंग, मी टायपिंग. ही २००८च्या आसपासची गोष्ट. सर कोहमाऱ्याहून बसने यायचे. बायको वारलेली, एकुलती एक मुलगी प्रज्ञा पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत. दोन दिवाळ्या ती घरी आली नव्हती.

हे प्रकाराचं खूळ सुरू झालं निकालापासून. निकालाचा प्रोग्रॅम सरांचाच, आणि ज्या भाषेत लिहिला ती फार मोकळ्या मनाची. तिच्या यादीत, म्हणजे अ‍ॅरेत, आकडा टाका की अक्षरं टाका, बाई नाही म्हणतच नाही. एकदा गुण आकडे म्हणून न जाता मजकूर म्हणून गेले. झालं! बेरीज करायची सोडून तिने ते एकापुढे एक चिकटवले. पस्तीस, चाळीस आणि अडतीस मिळवणाऱ्या पोराला तीन लाख चौपन्न हजार अडतीस गुण पडले. त्याच्या बापाने पेढे वाटले. मीही दोन खाल्ले, खोटं कशाला बोलू.

त्या दिवसापासून सरांनी यादीच्या दारावर पहारा बसवायला, म्हणजे आत येणारं तपासणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला. यादी बनवतानाच सांगून ठेवायचं, हिच्यात फक्त आकडे. दुसरं काही आलं की तिथंच अडवायचं. पोरं चुकून 'आकड्याची जात' म्हणाली की सर चिडायचे. "जात नोको म्हनू बाबू. प्रकार म्हन."

दर शनिवारी ते हा पहारा प्रज्ञाला ईमेलने पाठवायचे. रविवारी सकाळी नऊला तिचा फोन यायचा, बाबा इथं चुकलं, तिथं चुकलं. अर्धा तास सर हो हो करत राहायचे, आणि सोमवारी ती चूक आम्हाला कौतुकाने ऐकवायचे. एरवी तिचा फोन नसायचा. पण दोन वर्षं झाली तरी पहारा काही पुरा होईना. मला तर वाटायला लागलं, सरांना जमतच नाही.

एका शनिवारी बस पकडायच्या घाईत त्यांनी ईमेल पाठवायचं काम माझ्यावर टाकलं. मी सहज उघडून पाहिलं. एकेक आकडा टाकला तर पहारेकरी तपासायचा, पण अख्खी यादी एकदम आत सोडली तर कोणी विचारत नव्हतं. इतकं ढोबळ भगदाड टायपिंगवालीलाही दिसलं! मी एकेक आकडा तपासणाऱ्या वरच्या चार ओळी तिथेही लावल्या, चालवून पाहिलं, पाठवलं आणि मोठ्या तोऱ्यात सरांना घरी फोन करून सांगितलं.



"कायले बुजवलं मॅडम? मुद्दाम ठेवलं होतं ते." मग हळूच म्हणाले, "चूक नसली तर पोरगी फोन कायले करंल?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्हीच का करत नाही फोन, असं विचारलं. म्हणाले, मी केला की कामात आहे म्हणून दोन मिनिटांत ठेवते.

रविवारी मी सकाळच्या बसने कोहमाऱ्याला गेले. नऊ वाजले, दहा वाजले. सरांनी चहा केला आणि साखर घालायची विसरले. मीही तो तसाच प्यायले. अकराला फोन वाजला. प्रज्ञाचा आवाज मला बाजूला बसून ऐकू येत होता.

"बाबा, सकाळपासून तीनदा तपासलं. चूकच नाही. असं कधी होत नाही तुमचं. तब्येत बरी आहे ना? येऊ का मी?"

सरांचे डोळे भरून आले. त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला, त्यावर आपला तळहात दाबून धरला आणि कुजबुजले, "मॅडम, बरी नाही म्हनून सांगा."

मी सांगितलं.