चौथ्या मजल्याची धाप

तळमजला

मोठ्या बाईंनी विज्ञानाच्या सरांना केबिनमध्ये बोलावून सरळ सांगितलं, "सर, चौथा मजला आता तुम्हाला झेपत नाही. काल वर्गात 'तंतुकणिका म्हणजे' म्हणालात, आणि 'पेशीचं ऊर्जाघर' म्हणेपर्यंत पोरांचे डबे खाऊन झाले."

"जरा धाप…"

"दोन महिने देते. नाहीतर प्रयोगशाळा खाली येईल आणि वरची खोली गणिताच्या सरांना."

खाली उजेड नव्हता. तिथल्या अंधारात जुन्या सूक्ष्मदर्शकातून पोरांना स्वतःच्या पापण्याच दिसल्या असत्या. सव्वीस वर्षं ज्या खिडकीशी कांद्याची पेशी दाखवली, तिथं आता प्रमेयं?

पहिला आणि दुसरा, एका दमात

धडा त्यांना तोंडपाठ होता: तंतुकणिकांना काम दिलं की वाढतात, बसवून ठेवल्या की रोडावतात. आजवर तो फक्त पोरांसाठी होता, इतकंच. सरांनी रात्रीचं जेवण सातवर आणलं, मोबाइल नऊला कपाटात कोंडला, सकाळी उन्हात चालू लागले. राहिला जिना. पण धापा टाकणाऱ्या माणसाने 'व्यायाम करतोय' म्हणत दिवसातून सहा वेळा जिना चढायचा, म्हणजे चारचौघांत हसं. तेव्हा सर वस्तू विसरू लागले. मुद्दाम. खडू वर, चष्मा खाली. हजेरीपट खाली, छत्री वर.

"सर, पुन्हा वर?" शिपाई विचारी.

"डबा राहिला रे."

"डबा हातात आहे तुमच्या."

"झाकण राहिलं."

तिसरा (इथं कठडा धरून थांबतात)

शिपायाने गणिताच्या सरांच्या कानावर घातलं, त्यांनी मोठ्या बाईंच्या. बाईंनी सरांच्या बायकोला फोन लावला.

"घरीही विसरतात का हो?"

"विसरत नाहीत, पण तऱ्हा बदलल्यात. सातलाच ताट मागतात. काल अंगणात उन्हाकडे तोंड करून उभे होते, डोळे मिटून. पण बाई, घोरणं थांबलंय. आणि परवा लोखंडी कपाट एकट्याने सरकवलं."

"फार वाईट वाटलं ऐकून," बाई म्हणाल्या. 'पण'च्या पुढचं त्यांनी ऐकलंच नव्हतं.

धाप बाजूला राहिली. पत्र विस्मरणाचं टाइप झालं. आणि असली गोष्ट निरोपाने कळवू नये म्हणून, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, बाई गणिताच्या सरांना घेऊन स्वतः वर निघाल्या.

चौथा

दारात बाईंनी एका हाताने पत्र धरलं होतं, दुसऱ्याने चौकट.

"सर, आम्ही…" पुढचं धापेत गेलं.

गणिताच्या सरांनी पत्र घेतलं. "विषय…" म्हणाले आणि स्टुलावर बसले.

"द्या इकडे." विज्ञानाच्या सरांनी भर वर्गात, खणखणीत, एका श्वासात वाचलं, "वाढत्या विस्मरणामुळे आपल्याला चौथा मजला झेपत नसल्याने प्रयोगशाळा तळमजल्यावर हलवण्यात येत आहे." कागदाची घडी घातली. "विसरत नव्हतो, बाई. जिना चढायला निमित्त लागायचं. खरं सांगायची लाज वाटली. बाकी, झेपत कुणाला नाही म्हणालात?"



"पायऱ्या…" गणिताच्या सरांनी कपाळ पुसलं, "किती?"

"ब्याण्णव."

"तास रोजचे पाच…" त्यांनी नोकरीतला सर्वांत जलद गुणाकार केला. "खोली तुमचीच राहू द्या."

बाईंनी होकारार्थी मान डोलावली. बोलण्यापेक्षा ते सोपं होतं.