गप्पकाकांचा पुकारा

कुणाचं मन कशात रमेल, हे मी त्या माणसाच्या नुसत्या बसण्यावरून सांगते! स्मृतिभ्रंश झालेल्या आजी-आजोबांना दिवसभर सांभाळणाऱ्या केंद्रात मला नोकरी लागली तीच या गुणावर. ज्याचं आयुष्य ज्यात गेलं, तसा त्याला उद्योग द्यायचा. बेकरीवाल्या आजोबांना कणीक दिली, नर्सबाईंना बँडेजच्या गुंडाळ्या. दोघंही खूश!

अडलं ते गप्पकाकांपाशी. तीन महिने तोंडातून अवाक्षर नाही. संध्याकाळी न्यायला आलेली त्यांची मुलगी एकदा म्हणाली, "बाबांचा आवाजच आठवेनासा झालाय हो मला."

माझा जीव कळवळला. दुसऱ्याच दिवशी तिला फोन लावला.

"बाबा कामाला कुठे होते?"

"कोर्टात! तीस वर्षं! अहो, त्यांचा आवाज म्हणजे..."

कोर्टात! म्हणजे खेळाडू! पुढचं ऐकायला वेळ कुणाला होता? फोन ठेवला आणि दुकानात पळाले. हॉलमध्ये जाळी बांधली, काकांच्या हातात बॅडमिंटनची रॅकेट दिली आणि फूल उडवलं.

फूल टप्पकन काकांच्या टकलावर आपटलं. काका ढिम्म!

मग मात्र ते उठले. शर्टाची वरची गुंडी लावली, ताठ चालत दाराशी गेले आणि रॅकेट खांद्याला लावून उभे राहिले. तेवढ्यात आमच्या संचालिका मॅडम आल्या. रॅकेट आडवी!

"पुकारा झाल्याशिवाय आत नाही!"

काका बोलले! मी नाचायचीच बाकी होते.

"अहो, मी इथली संचालिका..."

"ते साहेबांना सांगा!" आणि छप्पर उडेल अशा आवाजात, "आरोपी संचालिका, हाजीर होऽऽ!"

डुलक्या घेणारा अख्खा हॉल खडबडून जागा झाला. आमच्याकडच्या आजींपैकी एक निवृत्त हेडबाई न्यायाधीशाच्या थाटात टेबलामागे जाऊन बसल्या.

"गुन्हा काय?"

"चहा थंड देतात!" बेकरीवाले कणकेचा हात उंचावून ओरडले.

"आणि बँडेज पुरत नाहीत!" नर्सबाई.

"ते खरंय," मॅडम पुटपुटल्या.

"कोर्टात कुजबुज नको!" काका कडाडले.

निकाल लागला. उद्यापासून चहा वाफाळता, आणि 'मी थंड चहा देणार नाही' असं मॅडमनी शंभर वेळा लिहायचं. मॅडम मुकाट्याने वही शोधू लागल्या!

दारात काकांना न्यायला आलेली त्यांची मुलगी उभी होती. डोळे भरलेले, आणि हसू काही आवरेना.

"अहो, बाबा कोर्टात शिपाई होते! पुकारा करायचे! ही जाळी कसली बांधलीत?"

"शांतता!" काका गरजले. मग तिच्याकडे बघत राहिले, आणि हळूच म्हणाले, "तू ये आत. तुला पुकारा लागत नाही."

ती तिथेच खाली बसली आणि लहान मुलीसारखी रडली.

आज सकाळी मी ऐटीत कामावर आले. दारात काका.

"साक्षीदार?"

"नाही हो, मी इथे काम करते!"

"सगळे असंच म्हणतात. बाकावर बसा."

मॅडम आत गेल्या, नर्सबाई गेल्या, दूधवालासुद्धा जाऊन आला. दुपारचे दोन वाजलेत. हे सगळं मी बाहेरच्या बाकावर बसूनच लिहितेय.