डोक्यावर उभे बगळे

रविवारी शटलवर्थबाई चहाला येणार, म्हणून हॅना ऑर्मरॉडने पुढच्या खोलीला नवे पडदे टांगले. आपल्या मुलासाठी, विल्फ्रेडसाठी, हॅनाची लेक एडिथ पसंत करायची की नाही, हे बाई त्याच खोलीत बसून ठरवणार होत्या.

कापड हॅनाच्या नवऱ्याने, सायलसने छापलेलं होतं. इंग्लंडातल्या लँकेशरच्या एका छपाई कारखान्यात तो लाकडी ठशांनी पडद्यांचं कापड छापायचा. त्या साली मालकांना जपानी चित्रांचं वेड लागलं; गुलाब गेले, बगळे आले. वर चंद्र, मध्ये लव्हाळी, खाली पाण्यात बगळा. त्या काटकुळ्या पायांसाठी सायलसने अख्खा हिवाळा घालवला होता.

रविवारी चॅपलमधल्या प्रार्थनेहून परतल्यावर तो खिडकीपाशी थबकला. बगळे डोक्यावर उभे होते, चंद्र त्यांच्याखाली पडला होता.

"हॅना, पडदे उलटे आहेत."

"पडद्याला कसलं आलंय उलटं-सुलटं?"

तिचंही बरोबर होतं. गुलाब कसेही टांगा, गुलाबच दिसतात. जन्मभर तिने कापडाचं डोकं कुठे, पाय कुठे, हे बघितलंच नव्हतं. तेवढ्यात दार वाजलं.

"तुम्ही गप्प बसा," हॅना म्हणाली. "मी बघते."

बाई बसल्या आणि पडद्यांकडे बघत राहिल्या. एडिथने केकची बशी त्यांच्यापुढे सरकवली.

"हे पक्षी..."

"जपानी," हॅना म्हणाली. "जपान पृथ्वीच्या पार खालच्या अंगाला. तिथे असेच दिसतात. दुकानदार आपले अडाण्यांसाठी सुलटे करून विकतात."

सायलसने तोंडात हॅमचा मोठा तुकडा कोंबला आणि मान हलवली.

अडाणी ठरायची बाईंची तयारी नव्हती. "ते काय मला ठाऊक नाही? माझा भाऊ योकोहामाला जाऊन आलाय."

दुसरा कप संपायच्या आत लग्न ठरलं. अट एकच: पोरांच्या घरी असेच अस्सल पडदे हवेत, दुकानातले सुलटे चालणार नाहीत. "मिळणं अवघड आहे," हॅना म्हणाली, "पण आमचे हे बघतील." सायलसने तेच कापड आणून दिलं. घरचे पडदे मात्र आता सुलटे करता येईनात. विहीणबाई कधीही टपकायच्या.

लग्नानंतर बाई एकदा नव्या घरी जाऊन आल्या, त्या तडक सायलसकडेच.

"ऑर्मरॉड, तुमच्या पोरीला पडदे टांगता येत नाहीत. बगळे पायांवर उभे केलेत तिने."

एडिथ आईचीच लेक. डोकं कुठे, पाय कुठे, हे तिनेही बघितलं नव्हतं.

सायलस लगेच टोपी चढवून निघाला. आपले बगळे पायांवर उभे असलेलं घर त्याने अजून पाहिलं नव्हतं.