मोटारीचा घास

लग्नाच्या दिवशी दादाच्या मोटारीने आमच्या व्याह्यांना गिळलं. चूक सर्वस्वी मुलीकडच्यांची, म्हणजे आमची होती, कारण मोटारीला आम्ही उपाशी ठेवलं होतं.

मोटार आजोबांच्या काळातली, काळी, गोल पाठीची. तिचा आतला नमदा, म्हणजे जाड लोकरी अस्तर, पार झिजला होता. पायाखालचा पत्रा तापून चपला चिकटत, ऊन छतातून थेट टाळूवर उतरे, आणि शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे. दादा एरवी हौसेनं ओरडत असे. पण लेकीची, सुमेधाची, पाठवणी याच मोटारीतून करायची हे त्यानं ती पाळण्यात असतानाच ठरवलं होतं. तिनं भाजलेल्या तळव्यांनी सासरचं माप ओलांडावं, हे त्याला सहन होईना.

तसा नमदा आता कुठेच मिळेना. शेवटी आमच्या आक्काने घरातली जुनी लुगडी काढली आणि मोटारीला चक्क गोधड्या शिवल्या. तळाला, छताला, दारांना, डिकीलासुद्धा. शेवटचे टाके राहिले तेव्हा तिनं पोळी मागितली. आमच्याकडे गोधडी रिकाम्या पोटी पुरी करत नाहीत, कोपऱ्यात घास ठेवूनच शिवतात. दादालाही हे माहीत होतं.

"मोटारीत पोळी नको," तो म्हणाला. "उंदीर येतील, वायरी खातील."

"उंदीर वायरी खातील. गोधडी काय खाईल, ते कुणी बघायचं?" आक्का फणकारली आणि तसाच टाका घातला.

मोटार गार झाली, गप्प झाली. दादा इतका खूश, की उगाचच आत जाऊन बसायचा. मग त्याचा चष्मा गेला, माझी छत्री गेली, वहिनींचा पानाचा डबा गेला. आमच्या घरात वस्तू सापडली तरच चर्चा होते, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही.

लग्नादिवशी मी व्याह्यांना आणायला जानवसघरी गेलो. ते मागे बसले आणि "वा, काय शांतता!" म्हणाले. कार्यालयाशी येऊन दार उघडलं तर सीटवर नुसता फेटा. छताची गोधडी मात्र चांगलीच खाली आली होती.

"व्याही आलेत," मी विहीणबाईंना सांगितलं, "पण अजून उतरले नाहीत."

त्यांनी वाकून छताला हात लावला. "अहो, घुसमटतंय का?"

"नाही," छतातून आवाज आला. "मऊ आहे. तुझं बोलणं नीट ऐकू येत नाही."

विहीणबाई ताठ झाल्या. "ते बाहेर आल्याशिवाय अक्षता पडणार नाहीत. आणि माझी सून असल्या मोटारीत बसणार नाही."

दादाचा चेहरा खर्रकन उतरला. फोटोग्राफरने फोटो छताचा घ्यायचा का, असं विचारलं.

"हावरी न्हाई ती, भुकेली हाय," आक्का म्हणाली. "पोळी आण जा."

दादा सोवळंओवळं विसरून मुदपाकात घुसला आणि तुपाची पुरणपोळी घेऊन आला. आक्काने कोपरा उसवला. दादाने स्वतःच्या हाताने घास आत सारला.

"खा बाई," तो म्हणाला. "माझी लेक बसायचीय तुझ्यात." आणि एवढा मोठा माणूस सगळ्यांदेखत रडला. मलाही आवरेना.

गोधडी थोडा वेळ चघळत राहिली. मग तिनं व्याह्यांना अलगद सीटवर ठेवलं. डोळ्यांवर दादाचा चष्मा, काखेत माझी छत्री, मांडीवर पानाचा डबा. दादाने लगेच तळाच्या आणि दारांच्या गोधड्यांनाही घास घातले. अक्षता मुहूर्तावर पडल्या.

संध्याकाळी सुमेधा रडत रडत मोटारीत बसली. तिचे पाय गार राहिले. व्याह्यांनी दादाला बाजूला घेतलं.

"माझं लग्न झाल्यापासून इतकी गाढ झोप लागली नव्हती हो. छतातली पोळी तेवढी काढता येईल?"

"दिलेला घास परत घेत नाहीत," दादा म्हणाला.

व्याही हिरमुसले. मला त्यांची दया आली. डिकीच्या गोधडीला घास घालायचा राहिला होता. मी डिकी उघडली. त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि फेटा माझ्या हातात देऊन ते आत शिरले.

"घरी पोचल्यावर पोळी घालायला विसरू नका," मी विहीणबाईंना म्हणालो.

"पोळ्या उद्या करीन," त्या म्हणाल्या. "आज भात आहे."