अकरा घनमीटर पाणी

दौलतभाऊंना चहा दिला की ते आधी कपात डोकावत आणि म्हणत, "एकशे वीस सीसी." मग पहिली फुंकर. चहा कसा झालाय हे त्यांनी माझ्या बायकोला कधीच सांगितलं नाही, किती झालाय ते मात्र न चुकता सांगितलं.

पटकीच्या साथीच्या दिवसांत गावोगावच्या विहिरींतलं पाणी मोजून त्या मापाने औषध टाकायचं, ही त्यांची सरकारी नोकरी. नागभीडच्या आसपासची एकही विहीर त्यांच्या मापाच्या दोरीतून सुटली नव्हती. साहेबलोक अजून गॅलनमध्येच बोलत. दशमान मापं नुकती कुठे येऊ घातली होती. दौलतभाऊंनी ती कधीचीच घरात घेतली होती. पाणी भरून निघालेल्या पार्वताबाईंना थांबवून त्यांनी एकदा त्यांचा पितळी गुंड सुतळीने मोजला आणि "साडेचौदा लिटर" असं जाहीर केलं. बाई पुढे महिनाभर रस्ता बदलून जात होत्या.

नुसता आकडा त्यांना खपत नसे. "आकड्याले नाव पायजे, गुरुजी. बिननावाचा आकडा जीव घेते," असं ते मला बजावत. घनमीटरचे लिटर करायचे तरी प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहीत, वरचा घनमीटर खालच्या घनमीटरने कापत आणि उरलेल्या लिटरभोवती गोल काढत. मी शाळेत गणित शिकवायचो. चुका पकडण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता, त्यामुळे मी त्यांची थट्टाही पुष्कळ केली. आता त्याची लाज वाटते.

एका रविवारी दुपारी ते घड्या पडून विरलेला एक कागद घेऊन आले. चार वर्षांपूर्वीचं एका विहिरीचं गणित होतं. विहीर त्यांच्याच सासुरवाडीची. औषध त्यांनी स्वतः टाकलं, त्या पाण्याच्या भरवशावर बायकोला माहेरी ठेवलं आणि ते पुढच्या गावाला गेले. आठव्या दिवशी ती पटकीनेच गेली.

"यात कुठी तरी एक शून्य खाल्लं मी," ते म्हणाले. "चार वर्सं पाहून राह्यलो, मले सापडत नाई. तुमी शोधा."

मी पेन्सिल घेतली. विहिरीचा व्यास दोन मीटर, पाणी साडेतीन मीटर, म्हणजे अकरा घनमीटर. एका घनमीटरचे हजार लिटर. घनमीटर कटला, अकरा हजार लिटर राहिले. दर लिटरला अर्धा सीसी औषध; लिटर कटला, साडेपाच हजार सीसी. हजार सीसींचा एक लिटर, म्हणजे औषध साडेपाच लिटर. कागदावर तेच होतं, आणि टाकलंही तेवढंच होतं.

मला फार आनंद झाला. गणित अगदी बरोबर आहे, तुमच्या हातून काहीच चुकलेलं नाही, असं मी त्यांना घाईघाईने सांगून टाकलं.

दौलतभाऊंनी कागद स्वतःकडे ओढला.

"मंग ते काऊन गेली, गुरुजी?"

चूक निघाली असती तर निदान बायकोची माफी मागता आली असती. त्यांनी कागद पुन्हा माझ्यापुढे सरकवला आणि अजून एकदा पाहा म्हणाले.

मी पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली. इतकी वर्षं पोरांच्या चुकांवर लाल रेघा ओढल्या, पण कुणाचं गणित चुकलेलं निघावं म्हणून देवाला हात जोडले ते त्या दुपारीच.