लाल डगला

एक जानेवारीच्या दुपारी विश्वजीतने शिंप्याकडून आलेलं पार्सल उघडलं, लाल डगला उलटून पाहिला. पाठीवर सोनेरी धाग्यात बहारीनच्या जुफैर भागातल्या एका हॉटेलचं नाव भरलं होतं.

संध्याकाळी मंडळाच्या हॉलमधल्या कार्यक्रमात, कोरेगावच्या विजयस्तंभाच्या प्रतिकृतीला तो मानवंदना देणार होता. दोनशे वर्षांपूर्वीच्या महार शिपायाचा वेश त्याने जुनी चित्रं पाहून ठरवला होता: लाल डगला, छातीवर पांढरे तिरपे पट्टे, उंच काळी टोपी. बंदूक मात्र नाही. नौदलाच्या तळाशेजारून लाकडाचीसुद्धा बंदूक न्यायची नाही, असं बायकोने, श्रावस्तीने, बजावलं होतं. आई, कुसुमबाई, यासाठीच साताऱ्याहून आल्या होत्या. त्यांचे आजोबा पलटणीत होते.

शिंपी ताहिरने फोनवर चूक कबूल केली. हॉटेलच्या दरवानाचा डगलाही लालच, त्यात अदलाबदल झाली होती. हॉटेलचा डगला घेऊन विश्वजीत टॅक्सीने तिथे पोचला. दारात कोरेगावचा शिपाई पाहुण्यांना सलाम करत होता.

दरवान गुंडू कणकवलीचा निघाला. "ह्यो डगलो तुमचो? तरीच," तो म्हणाला. "सकाळपासना लोक माझ्यावांगडा फोटो काढतत."

तो आत डगला उतरवायला गेला. जाताना, दार रिकामं दिसलं तर मॅनेजर ओरडेल, तेवढा वेळ हॉटेलचा डगला चढवून उभे राहा, अशी विनंती करून गेला. विश्वजीत उभा राहिला. समोर गाडी थांबली. त्याने वाकून दार उघडलं. आतून ऋत्विकसर उतरले. सित्रा बेटावरच्या कंपनीतले त्याचे मॅनेजर.

सरांनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "विश्वजीत, आपल्या व्हिसावर दुसरीकडे काम करता येत नाही, माहीत आहे ना?"

विश्वजीतने कोरेगावपासून ताहिरपर्यंत सगळं सांगितलं. सर शांतपणे ऐकत होते, पण पाठीवरची सोनेरी अक्षरं त्यांनी दोनदा वाचली. नोकरी गेली, असं विश्वजीतला वाटलं. शेवटी तो म्हणाला, "सर, कार्यक्रमाचा हॉल इथून जवळ आहे. खरं-खोटं येऊन बघा."

सर आले. पण आत न जाता दाराशीच थांबले. त्या दाराची स्प्रिंग तुटलेली होती. सोडलं की धाडकन आपटायचं. कुसुमबाई नातीला घेऊन आल्या, तेव्हा दाराशी कोटातला माणूस दिसला. मंडळाचाच कार्यकर्ता असणार.

"बाबा, दार धरून ऱ्हा," त्या म्हणाल्या. "आत वंदना चालू हाय. आपटू दिऊ नगंस."

सरांनी दार धरलं. मागून माणसं येत राहिली. कुणी जयभीम म्हणालं, कुणी डबा हातात दिला. सोडायला संधीच मिळेना.

वंदना संपली. सगळे उठून उभे राहिले. डगला, पट्टे, टोपी घालून विश्वजीत बाहेरून संथ पावलं टाकत दाराशी आला. एका हाताने दार आणि दुसऱ्या हाताने डबा सांभाळत ऋत्विकसर ताठ उभे होते. विश्वजीतची पावलं अडखळली.

"पुढे हो," सर हळूच म्हणाले. "हात भरून आलाय माझा."