पाठ फिरवून बसणारी ताई

आमच्या घरी दोन खोल्या, धान जेमतेम, पण अबोला मात्र कोठीभर. आई-बाबा एकमेकांशी बोलत नसत. कशावरून, ते आम्हा पोरांना कोणी सांगितलं नाही. निरोप पोचवायची माझी मोठी बहीण, प्रमिलाताई.

"तुझ्या बापाले सांग, भात वाढला."

बाबा हातभर अंतरावर बसलेले. तरी ताई सांगायची.

"तुझ्या मायले सांग, भूक नाही."

हीच ताई पुढं मानसशास्त्रात एम.ए. झाली. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली पहिली ती, दुसरा मी. आमगावात तिची समुपदेशनाची खोली आहे. बोर्डावरचं तिचं नाव मी येता-जाता वाचतो.

तिची पद्धत पाहून लोक चक्रावतात. नवरा-बायको आले, की ती खुर्ची फिरवून त्यांच्याकडे पाठ करून बसते. आपल्याकडे भांडणात मध्यस्थ लागतोच. बायको म्हणते, "मॅडम, याले समजवा जी!"

"तो बहिरा आहे काय? त्यालेच सांग."

एक नवरा वैतागला. "चिचगडवरून तुमची वेणी पाहाले आलो काय मी?"

"मंग बायकोकडे पाहा ना!"

बायको फिसकन हसली. "हसून काऊन राहिली?" तो तिच्यावर उखडला.

"चला, सुरू झालं," ताई म्हणाली.

घरी मात्र तिची विद्या चालेना. तिथं ती अजून निरोप्याच. शेवटी मागच्या उन्हाळ्यात तिनं जाहीर केलं, "घरी निरोप बंद. बोलायचं असन तर माझ्या खोलीवर या."

दोघं बरेच दिवस ताठ राहिले. मग आले. मीच घेऊन गेलो. ताईनं खुर्ची फिरवली.

"तुझ्या बापाले सांग..." आईनं सुरुवात केली.

ताईनं निरोप पुढं दिला नाही. आईनं पदर सारखा केला आणि बाबांकडे वळली.

"म्हैस काऊन विकली जी? मले न विचारता?"

म्हणजे कारण हे होतं!

"विचारलं असतं तर विकू दिली असती काय?"

"नसतीच दिली! माझ्या माहेरची होती ते. सकाळी शेण काढाले गेली, तर कोठा रिकामा!"

बाबा आईलाच म्हणाले, "चुकलं माझं."

ताई वळली नाही. मी पुढं जाऊन पाहिलं, तर ओढणीनं तोंड दाबून रडत होती.

"संपली रे माझी ड्युटी," ती हळूच म्हणाली.

आता आमचे आई-बाबा एकमेकांशी बोलतात. भांडतातही. हे माझ्या बहिणीनं केलं.